घरच्या टूथपेस्टचं पाणी होतंय? तेल बदलण्याआधी चमचा बघा

जून लागला की आमच्या ओटीवर बरण्या परत यायला लागतात. आणणारा फार बोलत नाही, झाकण फिरवून बरणी नुसती पुढे धरतो. वर बोटभर तेल, खाली चिखल. कधी तेलाच्या जागी पाणी, कधी सगळाच ऐवज काळा. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी सात-आठ घरांपुरती टूथपेस्ट करते. विकत नाही, कुणी नारळ देतं, कुणी सुकट. फुकटची म्हणून लोक गप्प बसतात असं मात्र अजिबात समजू नका.

एवढ्या बरण्या उघडून बघितल्यावर माझं एक मत झालंय. बिघाड क्वचितच कृतीत असतो, तो पाण्यात असतो. पाणी आत कुठून शिरलं ते सापडलं की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. पण लोक आधी महागातलं घाण्याचं तेल आणतात, मग सोड्याचं पाकीट बदलतात, आणि खिसा हलका झाला की माझ्याकडे येतात. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी सांगते, बरणी ओतून टाकायची वेळ शेवटी.

माझं माप असं: खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट चार चमचे, खायचा सोडा एक चमचा, खोबरेल दोन ते अडीच चमचे, लवंगाच्या तेलाचे दोन थेंब. मीठ घालायचंच तर चिमूटभर. कोरडं सगळं वस्त्रगाळ करून घ्यायचं, आणि पाणी एक थेंबही नाही. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे फळ्यावरचा खडू नव्हे हो, तो बहुधा जिप्समचा असतो. एकाने तो कुटून घातला होता, म्हणून सांगतेय.

आधी लक्षणं

बरणी उजेडात धरा आणि ढवळण्याआधी बघा. ढवळल्यावर पुरावा जातो.

वर पातळ थर आलाय आणि खाली पूड बसलीय, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. दुसरी, पेस्टवर दवासारखे थेंब किंवा कडेला पाणी. तिसरी, रंग बदलणं: राखाडी-काळा, नाहीतर विटकरी लाल. झाकण फुगणं, उघडताना फुस्स होणं ही चौथी. खवट वास किंवा साबणासारखी चव. दगडासारखी घट्ट झालेली पेस्ट. कापसासारखी बुरशी. आणि शेवटी तोंडातल्या तक्रारी, म्हणजे झोंबणं, कचकच लागणं, हिरड्या दुखणं. एका बरणीत यातली दोन-तीन लक्षणं एकदम सापडतात, कारण पाणी एकदा शिरलं की एक काम करून थांबत नाही.

वरचा थर तेलाचा की पाण्याचा, हे डोळ्यांनी ठरवू नका, आम्ही सगळ्यांनी त्यात मार खाल्लाय. चमच्याच्या टोकावर एक थेंब घ्या आणि तापलेल्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी. गप्प पसरला तर तेल. दोन्ही असतील तर आधी तडतड आणि मागे तेलाचा डाग. एवढ्या परीक्षेनेच पुढचा रस्ता ठरतो. तेल असेल तर घाबरायचं कारण नाही, पाणी असेल तर शोध घ्यायला हवा.

बुरशी दिसली तर मात्र शोधबिध काही नाही. वरची काढून खालची वापरू नका, बरणी रिकामी करा, गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. जुलैत ऊन कुठलं म्हणाल, तर चुलीच्या उबेला ठेवा.

चमचा, ब्रश आणि बरणीची जागा

शेजारच्या घरी माणसं पाच. पाचही जण ओला ब्रश थेट बरणीत घालायचे, सकाळ-रात्र, म्हणजे दिवसाला दहा बुडव्या. प्रत्येक ब्रशाच्या केसांत दोन-चार थेंब पाणी राहतंच. आठवड्याने त्या वैनी म्हणाल्या, "गो, तुझ्या पेस्टला पाझर फुटलाय." पाझर बाहेरून येत होता.

नुसत्या तेलात बुरशीला किंवा जंतूंना वाढायला फारसा वाव नसतो, त्यांना पाणी लागतं. विकतच्या ट्यूबमध्ये पाणी असतं, पण त्यात ते टिकावं म्हणून परिरक्षकं घातलेली असतात आणि ट्यूबच्या तोंडातून पेस्ट बाहेर येते, ब्रश आत जात नाही. आपल्या बरणीत परिरक्षक नाही आणि तोंड उघडं. शिवाय पाच तोंडांतलं जे काही असेल ते एका बरणीत जमा होतं, ते वेगळंच.

उपाय अगदी साधा. छोटा स्टीलचा चमचा, कोरडा, बरणीबाहेर ठेवलेला. पेस्ट चमच्याने ब्रशावर लावायची. आइस्क्रीमची लाकडी काडी वापरू नका, ती ओल धरून ठेवते. त्या घरात मी दोन बरण्या दिल्या, एक चमचावाल्यांना आणि एक हट्टी माणसांना. पंधरा दिवसांनी हट्टी माणसंही चमचावाल्यांच्या बरणीत घुसली.

मग बरणी कुठे असते ते बघा. न्हाणीघरात बंब पेटतो, वाफ धरते, आणि बरणीचं झाकण कुणीतरी अर्धवट लावलेलं असतं. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर आर्द्रता नव्वदीत असते, त्यात न्हाणीघर म्हणजे ढगात राहण्यासारखं. बरणी स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या फळीवर न्या, आणि एका वेळी पंधरा दिवस पुरेल एवढीच करा. महिन्याची करून ठेवायचा मोह मलाही होतो, पण फसते ती तीच बरणी.

तेल वर येतं तेव्हा

मोबाइलवरच्या कृतींमध्ये खोबरेल पांढरंशुभ्र, लोण्यासारखं दिसतं. ते ज्यांच्याकडे तसं असतं त्यांच्याकडची हवा थंड असते. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. किनाऱ्यावर दिवसा बारा महिने पारा त्याच्या वरच असतो, आणि एप्रिल ते ऑक्टोबर रात्रीसुद्धा फारसा खाली येत नाही. वितळलेलं तेल हलकं, खडूची (म्हणजे आपल्या कॅल्शियम कार्बोनेटची) पूड जड. पूड खाली बसणार आणि तेल वर येणार, यात तुमची चूक काहीच नाही.

खात्री करायची तर बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि दर दहा मिनिटांनी ढवळा. तास-अर्ध्या तासात गुळगुळीत घट्ट झाली तर पेस्ट ठणठणीत आहे, फक्त हवा गरम आहे. फ्रीजमध्येही खाली पाणी राहिलं तर चमच्याच्या तपासणीकडे परत जा.

याचं उलटंही होतं. गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना बरण्या मागून नेतात. चार दिवसांनी मुंबईहून फोन: "वहिनी, दगड झाला." ते एसी बावीसवर लावून झोपतात आणि बरणी त्याच खोलीत असते! जानेवारीत दापोलीला माझ्या बहिणीकडे पहाटे हेच होतं, तिथे थंडी आमच्यापेक्षा जास्त. बरणी पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी करा, झाकण घट्ट लावून. गॅसवर नको.

तेल वर येऊ नये म्हणून मधमाश्यांचं मेण वितळवून घालायला सांगतात. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे पेस्ट खरंच घट्ट राहते. मी दोनदा केलं. ब्रशाचे केस मेणाने चिकटून एकाची दाभणासारखी टोकं झाली आणि दातांवर सारवल्यासारखं वाटायला लागलं. मी तरी पुन्हा करणार नाही.

माझा उपाय ऋतूप्रमाणे बदलतो. थंडीत वर दिलेलं माप. उन्हाळ्यात तेल दीड चमचा, म्हणजे पेस्ट न होता ओलसर गोळा होतो, तो फारसा फुटत नाही. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी शक्यतो पेस्ट करत नाही. कोरडं दंतमंजन करते, तेल वेगळ्या बाटलीत देते. तळहातावर चिमूटभर मंजन, दोन थेंब तेल, बोटाने कालवायचं, ब्रशाने उचलायचं. लोक कुरकुरतात, पण पावसाळ्यातल्या बरण्या परत यायच्या कमी झाल्या त्या यामुळेच.

मीठ सादळतं, सोडा भाजला जातो

तव्यावरचा थेंब तडतडला, चमचा कोरडा आहे, बरणी मसाल्याच्या फळीवर आहे, तरी पाणी सुटतंय? मग मीठ.

कोकणात मीठ म्हणजे आपलं घरचंच. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो मिठागरं होती म्हणूनच. आगरातलं जाडं मीठ लोणच्याला उत्तम, पण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं आणि ते हवेतलं पाणी ओढण्यात पटाईत. शुद्ध मीठही हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की स्वतः विरघळायला लागतं. म्हणजे आमच्या पावसाळ्यात कुठलंच मीठ सुटत नाही. रात्री वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक चमचा मीठ ठेवा, सकाळी कागद बघा. ओलं वर्तुळ दिसलं तर तेच तुमच्या बरणीत चाललंय.

मीठ काढून टाका. पेस्टचं त्यावाचून काहीही अडत नाही. दात घासून झाल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, हौस भागते.

आता माझ्या धाकट्या जावेची गोष्ट. ती हुशार. मीठ सादळतं म्हणून तिने ते कढईत भाजून घेतलं. चाललंय तर सोडाही भाजून घ्यावा, म्हणून तोही त्याच कढईत. पेस्ट कोरडी, सुरेख झाली. तिसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या जिभेची टोकं लाल. खायचा सोडा तापवला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा. दिसायला तसाच पांढरा, पण कितीतरी जास्त दाहक. कपड्यांना ठीक, हिरड्यांना नाही. सोड्याला आच दाखवायची नाही. सादळून गाठी झाल्या असतील तर नवं पाकीट आणा, फार महाग नसतं. आणि पाकिटावर बेकिंग पावडर लिहिलेलं नाही ना हेही वाचा. त्यात सोड्याबरोबर आम्ल मिसळलेलं असतं, ओल लागली की ते फसफसतं.

झाकण फुगायचं कारणही बहुधा हेच, आम्ल आणि सोडा एकत्र आले. कुणी "दात पांढरे होतात" म्हणून लिंबू पिळतं. एका घरात तर कोकमाचं आगळ घातलं होतं, रंग छान येतो म्हणून. सोडा वायू सोडून मोकळा होतो, झाकण उडतं, आणि उरलेली पेस्ट आंबट. फसफस सोडून द्या, खरी भीती दातांची आहे. आंबटपणा वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं एनॅमल विरघळायला लागतं, आणि गेलेलं एनॅमल परत उगवत नाही. लिंबू आणि कोकम सोलकढीत, सरबतात. बरणीत नाही.

काळी पेस्ट आणि लाल पेस्ट

ही माझी आवडती तक्रार, कारण हिच्यात माझी स्वतःचीच फजिती झालेली आहे.

पहिल्या वर्षी मी त्रिफळा घातला होता. हिरडा, बेहडा, आवळा वस्त्रगाळ करून. पेस्ट बदामी रंगाची झाली. पाचव्या दिवशी झाकणाला लागलेला भाग निळसर काळा, दहाव्या दिवशी सगळी बरणी शाईसारखी. सासूबाई बघून हसल्या. म्हणाल्या, "शाईच केलीस की." आणि ते शब्दशः खरं होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस मिळून शाई करत. हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य, हिराकशीत लोह, दोघं भेटले की काळं. माझ्या बरणीचं झाकण पत्र्याचं होतं, मिठाने ते आतून गंजलं होतं.

तर तपासा: झाकण पत्र्याचं आहे का, आतल्या बाजूला तांबूस ठिपके आहेत का. नसतील तर कुटायला लोखंडी खलबत्ता वापरला का. तोही नसेल आणि कुणी पेस्ट कालवताना विहिरीचं पाणी घातलं असेल, तर विहीर बघा. आमच्या जांभ्या दगडात लोह भरपूर आहे, आणि आमच्याच विहिरीचं पाणी बादलीत रात्रभर राहिलं की तळाला गंजासारखा थर धरतो. कात घालणाऱ्यांनाही हाच इशारा. चिपळूण-सावर्ड्याकडचा कात सहज मिळतो म्हणून तो घालतात, त्यातही टॅनिन ठासून भरलेलं आहे, आणि वर त्याचे दातांवर डाग पडतात ते वेगळे.

उपाय म्हणजे चिनी मातीची किंवा काचेची बरणी, प्लास्टिकचं झाकण, दगडी खल. मी त्रिफळा सोडून दिला. ज्यांना हवा त्यांनी वेगळा ठेवून त्याच्या पाण्याने चूळ भरावी.

लाल पेस्टची गोष्ट वेगळी. पलीकडच्या आळीतली एक मुलगी रडवेली होऊन आली. बेसिनमध्ये लाल थुंकी, हिरड्यांतून रक्त, आता काय. बरणी उघडली तर आत विटकरी रंग. तिने हळद घातली होती. हळद आणि अल्कली म्हणजे कुंकू, हळदीला चुना लागला की लाल होते हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? सोडाही तेच करतो, विशेषतः ओल लागल्यावर. लाल थुंकी खरी कसली हे ओळखायचं असेल तर पेस्ट न लावता, नुसत्या पाण्याने ब्रश करा आणि पांढऱ्या बशीत थुंका. लाल दिसलं नाही तर हळद. आणखी खात्री हवी तर चमच्यातल्या पेस्टवर लिंबाचा थेंब टाका, रंग पिवळ्याकडे वळतो. रक्तावर तसं होत नाही. नुसत्या पाण्यानेही लाल आलं, तर बरणी सोडा आणि शेवटचा भाग वाचा.

खवट वास, साबणाची चव

इथे खर्च येतो, कारण तेल फेकावं लागतं. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या खोबऱ्याचं तेल लवकर खवट होतं, आणि बुरशी धरलेल्या खोबऱ्याचं तेल तर तोंडात घालूच नये. घरी नारळाचं दूध आटवून तेल काढत असाल तर त्यात पाण्याचा अंश राहतो. थोडं तेल पळीत तापवा. तडतडलं तर पाणी आहे. तडतड थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवा, पूर्ण गार करा, गाळा, मगच वापरा. तापवल्यावर खवट वास आला तर ते तेल दिव्यात घाला.

साबणाची चव हा भ्रम नाही. जुन्या तेलात सुटी झालेली मेदाम्लं सोड्याशी जुळतात आणि खरोखरच थोडा साबण तयार होतो. तेल बदललं की चव जाते. सोडा वाढवलात तर आणखी वाढते.

बरणी चांगली, तोंड म्हणतं नाही

कचकच लागत असेल तर पूड दोन बोटांत चोळून बघा. कण जाणवला तर मलमलीतून परत गाळा. राखुंडी घालणाऱ्यांशी माझा कायमचा वाद आहे. भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, ती सोड्यापेक्षा आणि खडूपेक्षा कितीतरी कडक. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या दातांना हिरडीपाशी खाचा पडलेल्या दिसतात, त्या आयुष्यभर राखुंडीने दात रगडल्याच्या. जुनं आहे म्हणजे मऊ आहे असं नाही.

शिंपल्यांचं तर विचारूच नका. किनाऱ्यावर शिंपले रग्गड, आणि शिंपल्यातही कॅल्शियम कार्बोनेटच असतं, हे बरोबर. पण भाजलेल्या शिंपल्याचा चुना होतो, आणि चुना तोंड भाजतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. न भाजता कुटले तर कण धारदार. दोन्ही वाटा बंद.

झोंबत असेल तर लवंगाचं तेल किती घातलंत ते आठवा. त्यात बहुतांश युजेनॉल असतं, तेच दुखणं बधिर करतं आणि जास्त झालं तर हिरडी भाजतं. माझ्या मापाला दोन थेंब म्हणजे दोनच. आमच्याकडे नारळ-सुपारीच्या आगरात लवंग, दालचिनी, जायफळ लावलेली असतात, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राच्या लाखीबागेमुळे, म्हणजे नारळात मसाल्याची झाडं लावायच्या पद्धतीमुळे, ते बरंच पसरलं. घरचंच आहे म्हणून हात सैल सुटतो. दालचिनीने तर काहींचं तोंड आतून सोलवटतं, ती सरळ टाळा. लहान मुलांच्या हाती लवंगाच्या तेलाची बाटली लागू देऊ नका, ते पोटात गेलेलं वाईट.

आणि बेसिन तुंबलं असेल तर तेही याच पेस्टचं काम. थंडीत तेल पाइपच्या वळणात थिजतं आणि खडू त्यावर बसतो. किटलीभर कढत पाणी ओता. नाही गेलं तर खाली बादली धरून ट्रॅप फिरवून काढा, आतला पांढरा लगदा काठीने काढा. तरीही तुंबलं तर प्लंबर बोलवा. अ‍ॅसिड ओतू नका. साठलेल्या खडूवर अ‍ॅसिड पडलं की उसळून वर येतं, थेट तोंडावर. मी तर पेस्ट मोरीबाहेर, माडाच्या अळ्यापासून लांब थुंकायला सांगते.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

घरच्या पेस्टमध्ये फ्लोराइड नाही. दात किडण्यापासून वाचवतं ते फ्लोराइड. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मी स्वतः सकाळी घरची वापरते आणि रात्री विकतची फ्लोराइडवाली. पोरांना घरची देतच नाही, दुधाच्या दातांवर प्रयोग नको. यावर "मग करतेस कशाला" म्हणणारे आहेत. आवडतं म्हणून.

थंड-गरम लागतं, दाताला खड्डा दिसतो, रात्री ठणका मारतो, तर पेस्टमध्ये काही बदलून उपयोग नाही. लवंगाच्या तेलाने ठणका बसेल, कीड बसणार नाही, आत चालूच राहील. हिरड्यांतून रक्त दोन आठवडे मऊ ब्रश वापरूनही येत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे. गालावर सूज आणि ताप असेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, तर एक दिवसही घालवू नका. सुपारी चघळणाऱ्यांनी आणि मशेरी लावणाऱ्यांनी तर आरसा घेऊन महिन्यातून एकदा गाल आतून बघावेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण तव्यावर घरी भाजणाऱ्या बाईला कोण अडवणार.

गेल्या पावसाळ्यात वरच्या आळीतल्या काकू बरणी घेऊन आल्या. पेस्ट झोंबते म्हणाल्या. मी चमचा विचारला, कोरडा. तव्यावर थेंब टाकला, गप्प. सोडा भाजलेला नव्हता, तेल ताजं होतं, लवंग मोजून दोन थेंब. शेवटी मी ती पेस्ट स्वतःच्या जिभेवर लावून बघितली. काही नाही. मग त्यांना ओटीच्या कडेला उजेडात बसवलं आणि म्हटलं, काकू, आ करा. डाव्या गालाच्या आत, मशेरीचं बोट जिथे रोज फिरतं नेमकं तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी त्यांना चिपळूणला घेऊन गेले. घाट उतरेपर्यंत त्या मला विचारत होत्या, लवंग एक थेंबच घालून बघूया का गो. डॉक्टरांनी पेस्टचं काही विचारलंच नाही. मशेरी किती वर्षं, एवढंच विचारलं, आणि तुकडा काढून तपासायला पाठवला.